दिवाळीत की मे अखेरीस? पू लुओंगच्या भातखाचरांत तीन रात्री राहायचे तर

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याचे पाच जण. नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि सत्तरीचे आई-बाबा. आई-बाबा पूर्ण शाकाहारी, आईंचे गुडघे दुखतात. व्हिएतनाममध्ये हनोईला उतरून डोंगरातल्या भातशेतीत एखाद्या छोट्या निसर्ग रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहायचे आहे. फोटोत दिसतात तशी सोनेरी शेते दिवाळीच्या सुट्टीत दिसतील का, खोली कशी निवडावी, जेवणाचे काय करावे आणि कुठे फसायला होते?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर ठरते. दिवाळीत सोनेरी शेते दिसणार नाहीत. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात तोवर कापणी, झोडणी उरकून महिना झालेला असतो. खाचरांत उरतात ती धसकटे आणि त्यात चरणाऱ्या म्हशी. दृश्य वाईट नसते, पण ज्या फोटोवर भाळून तुम्ही पैसे भरणार आहात ते दृश्य नसते. रिसॉर्टची वेबसाइट बाराही महिने तोच पिवळा फोटो लावते, आणि लोक खोली आधी धरून पिकाची चौकशी नंतर करतात. क्रम उलटा हवा. या ठिकाणी रिसॉर्टवाले जे विकतात ते खिडकीबाहेरचे शेत आहे, आणि ते शेत त्यांच्या मालकीचे नसते. ते गावातल्या थाई आणि मुओंग या स्थानिक जमातींच्या कुटुंबांचे असते. त्यामुळे तारीख रिसॉर्टच्या नव्हे, भाताच्या वेळापत्रकाने धरायची.

हनोईपासून चार-पाच तासांच्या आत, वर्षाला भाताची दोन पिके घेणारा आणि छोट्या रिसॉर्टांची चांगली निवड असलेला डोंगराळ भाग म्हणजे थान होआ प्रांतातले पू लुओंग. तुमच्या वर्णनाला तेच बसते, म्हणून पुढचे सगळे त्याला धरून लिहितो. चुनखडीच्या दोन समांतर डोंगररांगा आणि मधे दरी अशी ही जागा आहे. १९९९ मध्ये ती संरक्षित निसर्गक्षेत्र झाली. क्षेत्र सुमारे १७,६०० हेक्टर, सर्वांत उंच माथा सुमारे १,७०० मीटर. रिसॉर्ट बहुतेक बान दोन या गावाच्या आणि आजूबाजूच्या उतारांवर आहेत. 'बान' म्हणजे वाडी.

इथले पहिले पीक जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत लावतात आणि मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात कापतात. दुसऱ्याची लावणी जून ते जुलैच्या सुरुवातीला होते, कापणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. म्हणजे सोनेरी दिवस वर्षातून दोनदा येतात, प्रत्येक वेळी जेमतेम दोन-तीन आठवडे. सापा किंवा मू कांग चाय अशा आणखी उंचावरच्या भागांत थंडीमुळे एकच पीक निघते, तिथे फक्त सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. आपल्या शाळांच्या सुट्टीशी जुळणारे सोने पू लुओंगलाच आहे, कारण मे अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात. २२ मे ते ३ जून या दरम्यान जायला मिळाले तर पीक पिवळे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण वर्षागणिक आठ-दहा दिवसांचा फरक पडतो, म्हणून पैसे भरण्याआधी रिसॉर्टला एवढेच विचारा : 'तुमच्या समोरच्या खाचरांत लावणी कधी झाली?' हिवाळी लावणीनंतर साधारण चार महिन्यांनी कापणी, हा हिशेब तुम्हालाही करता येतो.

मे अखेरीची किंमत उकाड्याने मोजावी लागते. थान होआच्या पश्चिम भागात लाओसकडून डोंगर ओलांडून येणारा कोरडा, भाजणारा वारा लागतो. दुपारी पारा ३५ च्या वर जाणे नवलाचे नाही, काही दिवस त्याहून बराच वर. तेव्हा सकाळी साडेपाच ते नऊ आणि दुपारी चारनंतर बाहेर, मधला वेळ पंख्याखाली किंवा तळ्यात. सत्तरीच्या माणसांना हे जमेल की नाही ते तुम्हीच ठरवा. दिवाळीतली हवा याउलट फार सुंदर असते : कोरडी, निरभ्र, दिवसा अंगात हलका शर्ट आणि रात्री पातळ चादर. आई-बाबांची सोय पाहिली तर दिवाळी, डोळ्यांचे पारणे पाहिले तर मे अखेर. मला विचाराल तर गुडघे दुखत असलेल्या माणसाबरोबर मी दिवाळी निवडेन आणि सोनेरी शेताचा हट्ट सोडून देईन.

दोन काळ मात्र टाळाच. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी थंडी असते. आकडा ऐकून हसू येईल, १० ते १५ अंश. पण बांबूच्या फटींच्या भिंती, वर झावळ्यांचे किंवा गवताचे छप्पर आणि खोलीत हीटर नाही, अशात ते १२ अंश हाडांत शिरतात. पोहण्याचे तळे बहुधा तापवलेले नसते, त्यामुळे फोटोतले ते कडेवरून पाणी सांडणारे तळे या दिवसांत फक्त बघायचे. दुसरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा. तेव्हा उत्तरेत 'नोम' नावाचा प्रकार होतो. समुद्रावरून आलेली दमट, उबदार हवा थंड फरशीला लागून फरशीलाच घाम फुटतो. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो, आणि दरी धुक्यात. या काळात खोलीत ओलावा शोषणारे यंत्र किंवा 'ड्राय' वर चालणारा एसी आहे का, हे विचारून घ्यावे. जुलै ते सप्टेंबर पाऊस आणि वादळांचा मोसम. सप्टेंबर २०२४ मधल्या यागी वादळाने उत्तरेच्या डोंगरात दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. या महिन्यांत गेलातच तर पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.

आणि टेट. चांद्र नववर्ष, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला. त्याच्या आगेमागे आठवडाभर अर्धे कर्मचारी घरी, गाड्या भरलेल्या, भाव वाढलेले. तसेच ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबर या राष्ट्रीय सुट्ट्यांना हनोई रिकामी होऊन डोंगरात येते. एरवीही शुक्रवार-शनिवारपेक्षा रविवार ते गुरुवार या रात्री धरा. यामागे भावाइतकेच आवाजाचे कारण आहे. शनिवारी कंपन्यांच्या सहली येतात, शेकोटी पेटते आणि चाके लावलेले मोठे कराओके स्पीकर बाहेर निघतात. दरीत आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो, म्हणून तुमच्या रिसॉर्टमध्ये शांतता असली तरी शेजारचे गाणे ऐकावेच लागते. 'त्या तारखांना तुमच्याकडे मोठा गट आहे का?' हा प्रश्न विचारलात की प्रामाणिक माणसे खरे सांगतात.

आता खोली. रिसॉर्टच्या जाहिरातीतल्या 'बुटीक' (छोटे, निवडक) या शब्दाला तिथे कसलीही सरकारी व्याख्या नाही. बारा बंगल्यांची शांत जागाही बुटीक आणि साठ खोल्यांची, उतार कापून उभारलेली इमारतही बुटीक. नावावर जाऊ नका. खोल्यांची एकूण संख्या विचारा. पंचवीसच्या आत असेल तर स्वयंपाकघर तुमचे ऐकेल, आणि शाकाहारी माणसांना हे फार मोलाचे आहे.

मग उतार. पू लुओंगची रिसॉर्ट उतारावर असतात, म्हणूनच तर दृश्य दिसते. उताराचा दुसरा अर्थ पायऱ्या. जेवणघर आणि स्वागतकक्ष बहुधा वर, बंगले खाली, किंवा उलट. सगळ्यात चांगल्या दृश्याची खोली हमखास सगळ्यात खालची किंवा सगळ्यात वरची असते. आईंसाठी विचारायचा प्रश्न नेमका असा : 'गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत आणि खोलीपासून जेवणघरापर्यंत किती पायऱ्या, कठडा आहे का, आणि बॅटरीगाडी खोलीपर्यंत जाते का?' 'लिफ्ट आहे का' असे विचारून उपयोग नाही, आणि 'फार चालावे लागते का' असे विचारले तर उत्तर 'नाही, जवळच' असेच येते, कारण तिथल्या माणसांना ते खरोखर जवळ वाटते. पायऱ्यांचा आकडा मागा. वीसच्या वर असतील तर जेवणघराजवळची, थोड्या कमी दृश्याची खोली आई-बाबांना आणि खालचा बंगला तुम्हाला, अशी वाटणी करा. दिवसभर बसायला सगळे तुमच्या ओट्यावर येऊ शकतात.

'न्हा सान' म्हणजे खांबांवरचे लाकडी घर. थाई आणि मुओंग लोकांची ही मूळ घरे, खाली मोकळी जागा आणि वर राहणे. काही रिसॉर्टमध्ये अशा मोठ्या घरात गाद्या घालून आठ-दहा जण झोपतात, मधे पडदे. माणशी दीड ते अडीच लाख डोंगमध्ये (डोंग हे तिथले चलन, रुपयांचा हिशेब पुढे दिला आहे) रात्र निघते. मुलीला त्यात मजा येईल, पण न्हाणीघर खाली आणि बाहेर असते, रात्री शिडीवजा जिना उतरावा लागतो. आई-बाबांना ते नको. स्वतंत्र बंगल्याला दोघांसाठी साधारण १५ ते ३५ लाख डोंग, न्याहारीसह. तुम्ही पाच जण आहात, तर दोन बंगले आणि एका बंगल्यात जादा गादी, असे मागा. जादा गादीचे पैसे आणि बारा वर्षांवरच्या मुलीला मोठ्यांचा दर लागतो का, हे आधीच ठरवून घ्या.

बंगल्याबाबत आणखी काही गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. गवती छपराच्या, फटी असलेल्या खोलीत एसी थंड करून करून थकतो; मे अखेरीस जात असाल तर आतून काच किंवा फळ्या ठोकून बंद केलेली खोली घ्या. गरम पाण्याची टाकी वीस-तीस लिटरची असते. दीड माणसाची अंघोळ होते आणि मग पाणी गार. दोन अंघोळींमध्ये वीस मिनिटे जाऊ द्या, आणि टाकीचे बटण खोलीबाहेर किंवा दारामागे असते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मच्छरदाणी हवीच, डेंगीचे डास दिवसा चावतात म्हणून अंगाला लावायचे मलमही हवे. छपरात टोके जातीची मोठी पाल असते. रात्री ती दोन सुरांत, मोजून पाच-सहा वेळा ओरडते; पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण ती किडे खाते आणि कुणाच्या वाटेला जात नाही. पहाटे कोंबडे, आणि बऱ्याच गावांत पाच-साडेपाचला सरकारी भोंग्यावरून बातम्या. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या.

पू लुओंगमध्ये बांधकामे जोरात चालू आहेत. तुमच्या बंगल्यासमोरच्या खाचरात मागच्या वर्षी शेत होते, यंदा तिथे काँक्रीटचे खांब असू शकतात. म्हणून पैसे भरण्याआधी त्या विशिष्ट खोलीच्या ओट्यावरून काढलेला आजचा व्हिडिओ मागा. व्हॉट्सॲपवर उत्तर येत नसेल तर झालोवर विचारा. झालो हे तिथले रोजचे संदेशांचे ॲप आहे आणि छोटी ठिकाणे त्यावरच लवकर उत्तर देतात. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

भावाच्या लिखाणाची एक गंमत इथेच सांगतो. '१ट्र८' असे लिहिलेले असेल तर ते अठरा लाख डोंग; 'ट्र' म्हणजे दहा लाख. '३५०के' म्हणजे साडेतीन लाख. एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरले की हिशेब जमतो : शेवटची तीन शून्ये काढा आणि तीनाने गुणून थोडे वाढवा. भावापुढे '++' अशी अधिकची दोन चिन्हे असतील तर सेवाशुल्क ५ टक्के आणि त्यावर कर वेगळा लागतो. नोटांत घोळ होतो तो वीस हजाराच्या आणि पाच लाखाच्या नोटेत. दोन्ही निळ्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या, आणि अंधारात जवळपास सारख्या. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. पैसे हनोईतच काढून न्या, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. क्यूआर सगळीकडे दिसेल, पण त्याला तिथले बँक खाते लागते. आपले यूपीआय चालेल असे धरून चालू नका. कार्डावर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन टक्के जादा घेतात.

आगाऊ रक्कम भरताना सावध. व्हिएतनाममध्ये चालू रिसॉर्टांच्या नावाने बनावट फेसबुक पाने काढून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार खूप होतात, निळी खूण असलेली पानेसुद्धा खोटी निघतात. पाठवायच्या खात्यावर कंपनीचे नाव हवे, व्यक्तीचे नको. नकाशावर दिलेल्या फोन नंबरवर स्वतः फोन करून खातरी करा. शक्यतो नेहमीच्या बुकिंग ॲपवरून, रद्द करता येईल अशा अटीवर खोली धरा, आणि बाकीच्या मागण्या मग थेट रिसॉर्टकडे करा.

जेवण हा तुमच्या घरासाठी सर्वांत नाजूक भाग, म्हणून इथे थोडे सविस्तर. व्हिएतनाममध्ये शाकाहार परका नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक 'आन चाय' करतात, म्हणजे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण. उच्चार आपल्या हिंदी चहासारखाच, 'चाय'. त्यामुळे चहा मागायला 'चाय' म्हणालात तर समोरचा तुम्हाला शाकाहारी समजेल. पण हनोईतल्या चाय उपाहारगृहांची सवय डोंगरात लागू पडत नाही. गावातल्या स्वयंपाकीणबाईंच्या मनात 'भाजीचे जेवण' म्हणजे ताटात मांसाचा तुकडा नाही, एवढेच. मांस शिरते ते दिसत नाही अशा चार वाटांनी.

पहिली वाट माशांचे आंबवलेले पाणी, नुअक माम. मिठाच्या जागी ते पडते. दुसरी 'हात नेम', म्हणजे दाणेदार मसाला. हा आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. नुसत्या लसणावर परतलेल्या करमूच्या (नाळीच्या) भाजीत, टोफूच्या रश्श्यात, सूपमध्ये, सगळीकडे हा चमचाभर पडतो, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात डुकराच्या हाडांचा अर्क असतो. भाजी समोर हिरवीगार दिसते, चव मात्र कसलीतरी भरलेली लागते; ती याची. मशरूमपासून केलेला चाय प्रकारही बाजारात मिळतो, पण डोंगरातल्या स्वयंपाकघरात तो असेलच असे नाही. तिसरी वाट डुकराची चरबी. डोंगरात परतायला ती तेलाच्या जागी वापरतात. आणि चौथी, सूपचे पाणी, जे हाडे उकळून केलेले असते. शेवयांचे फो भाजी घालून मागितले तरी पाणी तेच.

म्हणून 'आम्ही शाकाहारी' एवढे पुरत नाही. पोचण्याच्या तीन दिवस आधी लेखी कळवा, शक्यतो भाषांतर ॲपमधून व्हिएतनामी करून : मांस नाही, मासे नाही, माशांचे पाणी नाही, हात नेम नाही, डुकराची चरबी नाही, मीठ, सोया सॉस आणि वनस्पती तेल चालेल, अंडे चालते की नाही, दूध चालते की नाही. तोंडी बोलायचे असेल तर 'खोंग' म्हणजे 'नको' : खोंग थित (मांस), खोंग का (मासे), खोंग नुअक माम, खोंग हात नेम. सूर चुकला की शब्द बदलतो, त्यामुळे मजकूर दाखवणे बरे. आई-बाबा कांदा-लसूणही खात नसतील तर उलट सोपे जाते. कडक चाय जेवणात तेही वर्ज्यच असते, एवढे लिहिले की लगेच समजते.

काय मागावे? टोमॅटोच्या रश्श्यातला टोफू, लसणीवर परतलेली करमू, उकडलेला भोपळ्याचा पाला, बांबूचे कोंब, गरम भात. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात, 'कोम लाम', सगळ्यांना आवडतो. बाहेरचे जळके साल तासून नळी पातळ केलेली असते, ती केळ्यासारखी सोलायची. आत भाताची कांडी, तिच्यावर बांबूच्या आतल्या पापुद्र्याचे तलम आवरण. ते खातात. सोबत शेंगदाणे, तीळ आणि मीठ कुटून केलेली भुकटी. आपल्या तिळकुटाची आणि दाण्याच्या चटणीची सख्खी बहीण, फक्त तिखट नाही. घरून चमचाभर लाल तिखट न्याल तर आई-बाबांचे एक जेवण तिथेच भागेल. रात्रीचे जेवण बहुधा एका थाळ्यात चौघा-सहांसाठी मांडून येते, तेव्हा शाकाहारी थाळा वेगळा मागा, नाहीतर इथल्याच को लुंग गावच्या प्रसिद्ध बदकाच्या शेजारीच तुमचा टोफू येईल. घरून दशम्या, मेतकूट, खाकरे असतील तर रस्त्यासाठी ठेवा. खोलीत उघडे ठेवले तर मुंग्या तासाभरात येतात.

प्रवासाचे. हनोई ते पू लुओंग सुमारे १७० किलोमीटर, चार ते साडेचार तास. तिथे 'लिमोझिन' म्हणजे नऊ आसनांची व्हॅन, लांबलचक मोटार नव्हे. पाच जणांसाठी स्वतंत्र सात आसनांची गाडी घेतली तर हवे तिथे थांबता येते आणि आईंना पाय मोकळे करता येतात. भाड्यात फरक फार पडत नाही. वाटेतल्या माय चाउ गावाच्या आधीचा थुंग खे घाट आणि पुढचा वळणांचा रस्ता पोट ढवळतो. उलटीची गोळी निघायच्या आधी अर्धा तास. रस्त्यात बांबूने लादलेले ट्रक सतत आडवे येतात, कारण कळकासारखा जाड 'लुओंग' बांबू हेच इथले रोखीचे पीक. शेवटचे एक-दोन किलोमीटर अरुंद काँक्रीटचा खडा चढ असतो, मोठी व्हॅन खालीच थांबते. रिसॉर्टची गाडी न्यायला येते का, हे आधी ठरवा. टॅक्सी ॲपच्या भरवशावर तिथे राहू नका.

पत्त्याचा घोळ होऊ शकतो. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांत ६३ वरून ३४ केले आणि जिल्हा हा स्तरच रद्द केला. थान होआ प्रांत तसाच राहिला, पण जुन्या पत्त्यात दिसणारा बा थुओक जिल्हा आता कागदावर नाही. माय चाउचा होआ बिन्ह प्रांत फू थो मध्ये गेला. ड्रायव्हरला पत्ता न देता नकाशावरचा बिंदू द्या.

स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा, व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. म्हणजे पन्नास सीसीवरची गाडी चालवलीत तर तुम्ही कायद्याने विनापरवाना, आणि अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो. शिवाय वाहतूक उजवीकडून. रिसॉर्ट चालकासह दुचाकी किंवा गाडी देते, ती घ्या.

व्हिसा पटकन : भारतीयांना ई-व्हिसा लागतो, ९० दिवसांपर्यंतचा, एकदा प्रवेशाला २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, हुबेहूब दिसणारी दलालांची पाने दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसे आहे तसेच. पासपोर्ट क्रमांकात एक अंक चुकला तरी नवा अर्ज आणि नवे पैसे. सरकारी मुदत तीन कामाच्या दिवसांची असली तरी दोन आठवडे आधी भरा, छापील प्रत जवळ ठेवा. प्रत्येक मुक्कामी पासपोर्ट मागतात, कारण परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याने बिचकू नका. खोलीतल्या खाचा दोन बारीक गोल पिनांच्या किंवा चपट्या पिनांच्या असतात, आपली तीन जाड पिनांची प्लग बसत नाही.

तीन रात्रींत काय करावे? तिन्ही पू लुओंगला काढा किंवा दोन इथे आणि एक हनोईच्या दक्षिणेला असलेल्या निन बिन्हच्या ताम कोकला. पाच जणांत सत्तरीचे दोघे असतील तर तिन्ही इथेच बरे. पहिल्या दिवशी हनोईहून सातला निघालात तर बाराच्या सुमारास पोचाल, खोली दोनला मिळते, तोवर जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरांतून चालणे. सपाट वाटही असते. चालवणाऱ्याला 'दीड तास, बांधावरून नको, रस्त्याने' असे सांगा. ओले बांध वीतभर रुंद आणि साबणासारखे निसरडे असतात, घसरलात तर गुडघा जातो आणि शेतकऱ्याचा बांधही फुटतो. लावणीच्या आणि लोंब्या भरल्याच्या दिवसांत तर बांधावर परक्याने चढूच नये.

ओढ्याकाठचे रहाट मात्र आईंना जरूर दाखवा, रस्त्यालगत आहेत. पुरुषभर उंचीहून मोठे बांबूचे चाक प्रवाहात उभे. कडेला विणलेल्या बांबूच्या पट्ट्या, त्यांच्यावर पाणी आपटते आणि चाक फिरते. प्रत्येक पट्टीलगत एका बाजूने उघडे बांबूचे नळकांडे तिरके बांधलेले. खाली बुडले की भरते, भरलेल्या तोंडाने वर चढते, माथ्यावर कलते आणि बाजूच्या पन्हळीत ओतते. पन्हळीतून पाणी वरच्या खाचरात. आपल्या रहाटगाडग्याला बैल लागतो. इथे ज्या ओढ्याचे पाणी उचलायचे तोच ओढा चाक फिरवतो. चाकात खिळा नाही, सगळे बांबूच्या सालपट्ट्यांनी बांधलेले. म्हणूनच पुरात वाहून गेले तरी चार दिवसांत नवे उभे राहते. मुलीला दहा मिनिटे तिथे बसवा आणि एका नळकांड्यावर नजर ठेवायला सांगा.

गुरुवार किंवा रविवारी सकाळी तिथे असाल तर फो दोआनचा आठवडी बाजार गाठा, सहा ते नऊ. तिसऱ्या दिवशी तुम्ही आणि मुलगी खो मुओंगच्या दरीत वटवाघळांच्या गुहेपर्यंत जाऊ शकता. उतरण खडी आहे, आई-बाबांना नको. पावसाळ्यात गेलात तर जळवा; मोजे पँटीवरून ओढून घ्या, चिकटलेली जळू ओढू नका, नखाने कडेने सरकवा. बांबूच्या तराफ्यावरची सैर सर्वांना जमते, लाइफजॅकेट मात्र मागून घालायचे. ड्रोन घरी ठेवा, त्याच्या परवान्याचे नियम कडक आहेत.

औषधे पूर्ण न्या. मोठे रुग्णालय काही तासांच्या अंतरावर आहे, आणि रक्तदाबाची गोळी गावातल्या दुकानात नेमकी त्याच नावाने मिळणार नाही. नळाचे पाणी पिऊ नका, जेवणघरातली गाळलेली सुरई खोलीत भरून न्या. उन्हाळ्यात वीज जाते. २०२३ च्या मे-जूनमध्ये संपूर्ण उत्तरेत भारनियमन झाले होते. जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हे विचारा.

परतीचे विमान पू लुओंगहून निघालेल्या दिवशी धरू नका. घाटात एक ट्रक आडवा झाला किंवा सरीने माती रस्त्यावर आली की चार तासांचे सात होतात. चौथ्या दिवशी न्याहारी करून दहाला निघा, रात्र हनोईत काढा आणि विमान पाचव्या दिवशी. परतीची गाडी आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पक्की करा, चालकाचा नंबर स्वतःकडे ठेवा, आणि त्याला सांगून ठेवा की रिसॉर्टच्या दारापर्यंत यायचे, चढाच्या पायथ्याशी नाही.